‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’: मुंबईतल्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मुंबईतल्या सार्वजनिक आणि खासगी संस्थांच्या सर्व जनसंपर्क अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला नावाने ओळखतात. काहींशी तर वीस वर्षांचा परिचय आहे. रात्री साडेनऊला पान सोडायच्या घाईत मी फोन केला तेव्हा ताटावरून उठून, फाइल काढून आकडा तपासून देणारी माणसं तुमच्यातच आहेत. म्हणून हे सगळं आधी समोरासमोर बसून बोलावं असं वाटत होतं. तसा प्रयत्नही केला. पण जिथे प्रश्न विचारायचा ती जागाच बंद झाली, तेव्हा जाहीर लिहिण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी शहरातल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात गेले होते. बातमीसाठी नव्हे, शेजारणीला सोबत म्हणून. जुन्या इमारतीतली रुग्णांची लिफ्ट बंद होती. दाराला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला, त्यावर निळ्या मार्करने ‘लिफ्ट बंद आहे’ एवढंच. तारीख नाही, सही नाही. पुठ्ठ्याचे कोपरे हात लागून लागून मळले होते, म्हणजे पाटी कालची नव्हती. जिन्यावरून चौघे जण एका म्हाताऱ्या बाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेत होते. दर आठ-दहा पायऱ्यांनी खुर्ची टेकवायची, दम घ्यायचा, पुन्हा उचलायची. त्या बाईंनी एका हाताने खुर्ची घट्ट धरली होती आणि दुसऱ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. खुर्ची कलली, त्या कळवळल्या, पण पाकीट त्यांनी सोडलं नाही. त्यांचा मुलगा मानखुर्दहून रिक्षा करून आला होता. मी बातमीदार आहे हे कळल्यावर त्याने विचारलं, “मॅडम, ही लिफ्ट कधी चालू होणार, ते कोण सांगेल?”

त्याचं उत्तर आणून देणं हेच माझं काम. संध्याकाळी मी त्या रुग्णालयाच्या माध्यम प्रतिनिधींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन ओळी टाकल्या. लिफ्ट कधीपासून बंद आहे? दुरुस्ती कधीपर्यंत होईल? तोवर चालू न शकणाऱ्या रुग्णांना वर न्यायची काय सोय केली आहे? संदेश कुणी कुणी वाचला ते व्हॉट्सॲपवर दिसतं. जनसंपर्क कक्षातल्या दोघांनीही तो वाचला होता. उत्तर आलं नाही. आणखी दोन वार्ताहरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. रात्री दहाच्या सुमारास लिहायची चौकटच गेली आणि तिथे एक ओळ आली: ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ग्रुपवर एक रील आलं. नवा रंग दिलेली ओपीडी, मागे संगीत, आणि लाखो फॉलोअर्स असलेला एक तरुण कॅमेऱ्याकडे बघत चालतोय. मी फोन केला तर शांतपणे सांगण्यात आलं, “आता आम्ही सगळं सोशल मीडियावरच टाकतो. तुम्ही तिथूनच घ्या.”

रुग्णालयाचं नाव मी इथे घेत नाही, कारण गाऱ्हाणं एका रुग्णालयापुरतं नाही. गेल्या काही वर्षांत मी ज्या ज्या कार्यालयाची बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांची जबाबदारी, सांभाळली तिथे थोड्याफार फरकाने हेच घडलं आहे. आधी पत्रकार परिषदा कमी झाल्या, मग प्रेसनोटखालचा संपर्क क्रमांक गेला, मग ग्रुप बंद झाले. ‘तिथूनच घ्या’ हा निर्णय मला मान्य नाही.

सोशल मीडिया नको असं माझं म्हणणं नाही. २६ जुलै २००५ ला मी या धंद्यात नवखी होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आज सगळ्यांना पाठ आहे. त्या रात्री मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं. मोबाइल लागत नव्हते, रस्त्यावरचा माणूस शेजारच्या माणसाला विचारत चालला होता. दोन दिवसांनी रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत कुणीतरी अफवा उठवली, लोक जीव घेऊन पळाले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. तेव्हा फेसबुक मुंबईत कुणाला ठाऊकही नव्हतं. अफवेला व्हॉट्सॲप लागत नाही. खात्रीने सांगणारं कुणी नसलं की ती आपोआप वाढते, हे मी त्या आठवड्यात शिकले. म्हणून मुंबई पोलिसांनी २०१५ च्या अखेरीला ट्विटरवर खातं उघडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. लोकल कुठे अडकली, कुठल्या सबवेत पाणी भरलं, रविवारचा मेगाब्लॉक कुठून कुठवर, हे आज मिनिटात कळतं. यासाठी पूर्वी आम्ही कंट्रोल रूमला वीस-वीस फोन करायचो. फॅक्सचे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

पण सूचना देणं आणि उत्तर देणं यांत फरक आहे. तुमच्या व्यवसायाला हा फरक पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आधुनिक जनसंपर्काचा आद्य पुरुष म्हणून ज्याचं नाव अभ्यासक्रमात शिकवलं जातं, त्या आयव्ही ली याने १९०६ मध्ये अमेरिकेतल्या संपादकांना एक जाहीर निवेदन पाठवलं होतं. आमचं काम उघड चालेल, आम्ही देतो ती माहिती अचूक असेल, जास्तीचा तपशील मागाल तर तत्परतेने देऊ, आणि आमचं कुठलंही विधान कुणा संपादकाला स्वतः पडताळायचं असेल तर त्याला आनंदाने मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला तेव्हा बातमी दाबायच्या जुन्या रिवाजाला फाटा देऊन त्याने वार्ताहरांना अपघाताच्या जागी नेलं. लीची पुढची कारकीर्द वादग्रस्त ठरली, ते वेगळं. पण स्वतः येऊन पडताळा, विचारा, पाहा, हा त्याने घालून दिलेला पाया होता. तुमच्यातल्या अनेकांनी जनसंपर्काच्या पदविकेत हे वाचलं आहे, काहींनी शिकवलंही आहे. बंद ग्रुप त्यात कुठे बसतो, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

माझी पहिली तक्रार हीच, आणि सगळ्यांत मोठीही. प्रश्न विचारायला माणूस उरलेला नाही. अधिकृत खात्यावर निवेदन पडतं, त्याखाली हजार प्रतिक्रिया येतात, त्यांत खरी तक्रार, शिवी, जाहिरात, हात जोडल्याच्या खुणा सगळं एकत्र वाहून जातं. तिथे माझा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण तिथे उत्तर देणारी व्यक्ती कोण तेच कळत नाही. बहुतेक ठिकाणी खातं बाहेरची एजन्सी चालवते. तिथल्या पोराला लिफ्टचं काय माहीत असणार? त्याला आठवड्याला किती पोस्ट आणि किती व्ह्यूज एवढाच हिशेब द्यायचा असतो. त्याचा दोष नाही. पण ज्याला माहीत आहे तो अभियंता आणि ज्याला विचारायचं आहे तो वार्ताहर, यांच्यामध्ये तुम्ही होतात, आणि तुम्हीच बाजूला झालात. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, असं काही जण सांगतात. तो आम्ही करतोच. पण त्या कायद्यात उत्तराला साधारणपणे ३० दिवस असतात, आणि त्या म्हातारीला तिसऱ्या मजल्यावर आज जायचं होतं.

दुसरी तक्रार जागेवर जाण्याची. नवा पूल, नवं संग्रहालय, नवा विभाग, कशाचंही उद्घाटन असलं की आधी रील करणाऱ्यांना आत नेतात. त्यांना हवा तो कोपरा, हवा तो प्रकाश. आम्हाला दुसऱ्या दिवशी ड्राइव्हची लिंक येते, त्यात तयार फोटो, तयार व्हिडिओ, अधिकाऱ्यांच्या बोलण्याचे तयार तुकडे, म्हणजे बाईट. रील करणाऱ्या मुलांबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांतली काही या शहराविषयी मेहनतीने, आणि आमच्यापेक्षा चांगलंही सांगतात. पण तयार व्हिडिओत कॅमेरा जिथे वळत नाही तिथे काय आहे हे पाहायला स्वतः जावं लागतं. मी त्या दिवशी शेजारणीबरोबर गेले नसते तर ती लिफ्ट मला दिसलीच नसती, आणि ओपीडीच्या नव्या रंगाची बातमी मीही दिली असती.

याच्याच पोटात पैशाचा प्रश्न आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. पैसे, भेटवस्तू, फुकट मुक्काम, काहीही घेतलं असेल तर पोस्टवर तसं ठळक लिहायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड आहे. साबणाच्या जाहिरातीत हे आता दिसू लागलं आहे. सार्वजनिक संस्थांच्या कौतुकाच्या रील्सवर मात्र ‘सशुल्क’ हा शब्द मी फार क्वचित पाहिला. तो पैसा लोकांचा आहे. कुणाला, किती, कशासाठी दिला, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ला धरून तुम्ही आपण होऊन जाहीर करायला हवं.

इथे कुणी म्हणेल, तुमच्या वर्तमानपत्रांनी काय वेगळं केलं? बरोबर आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रकार याच राज्यात उघड झाला आणि प्रेस कौन्सिलच्या समितीला त्यावर अहवाल करावा लागला. तो डाग आमच्या अंगावर आहे, मी तो झाकत नाही. उलट त्यामुळेच कळकळीने सांगते, जाहिरात आणि बातमी यांच्यातली रेघ एकदा पुसली की पुन्हा आखायला पिढी जाते.

तिसरी तक्रार पुसलेल्या शब्दांची. माझ्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात २००३ पासूनच्या प्रेसनोट आहेत. फॅक्सच्या कागदावरची अक्षरं वर्षभरात उडायची म्हणून मी महत्त्वाच्या नोटांच्या झेरॉक्स काढून ठेवायचे. ‘हा रस्ता मे महिन्यापर्यंत पूर्ण होईल’ असं कुणी सहीनिशी म्हटलं असेल तर तो कागद दहा वर्षांनीही समोर ठेवता येतो. आता सकाळी टाकलेली पोस्ट टीका झाली की दुपारी गायब होते. का काढली, चूक काय होती, खरं काय, एक अक्षर नाही. चुका सगळ्यांच्या होतात. आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा छापतो. तुम्ही मात्र म्हटलेलं न म्हटल्यासारखं करता, आणि कुणी स्क्रीनशॉट दाखवला की तो बनावट असल्याचा संशय घेतला जातो.

मराठीबद्दल थोडक्यात. इंग्रजी नोट दुपारी चारला येते, मराठी साडेसातला, आणि ती यंत्राने केलेली असते हे पहिल्या ओळीत कळतं. एका नोटेत प्रसूतिगृहाच्या ‘डिलिव्हरी रूम’चं ‘वितरण कक्ष’ झालं होतं. माझ्याबरोबरच्या नव्या मुलाने ते तसंच पुढे पाठवलं, छापून यायच्या आत डेस्कवर पकडलं गेलं. मुंबईत काम करणाऱ्या कार्यालयाने मुंबईतल्या बाळंतिणींविषयी मराठीत नीट चार ओळी लिहाव्यात, एवढी अपेक्षा जास्त नसावी.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने सांगतेय त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या डेस्कवर एक व्हिडिओ आला. स्टेशनच्या जिन्यावर गर्दी, आरडाओरडा, खाली ‘आत्ताचं दृश्य, सगळ्यांना पाठवा’. डिजिटल विभागाला तो पाच मिनिटांत लावायचा होता, दुसऱ्यांनी लावलाही होता. मी संबंधित जनसंपर्क कक्षाला फोन केला, उचलला नाही. दुसरा नंबर, तोही नाही. मग मी आणि आमचा उपसंपादक, आम्ही दोघं तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहत बसलो. अकराव्या सेकंदाला मागच्या पाटीवर अर्धी अक्षरं दिसली: ‘एल्फिन्स्टन’. त्या स्टेशनचं नाव जुलै २०१८ मध्येच प्रभादेवी झालं आहे. म्हणजे व्हिडिओ त्याआधीचा. आम्ही तो लावला नाही. ज्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ माणसं चेंगरून मेली त्या स्टेशनच्या नावाने खोटी घबराट पसरवली जात होती, आणि ती खोटी आहे हे अर्ध्या मिनिटात सांगू शकणारा माणूस फोन उचलत नव्हता. त्या दिवशी पाटी दिसली म्हणून वाचलो. दर वेळी पाटी दिसत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून फिरली होती. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी होतो, खरं काय ते कळत नाही. ते ठरवायचा अधिकार सरकारने स्वतःकडे घ्यायचाही प्रयत्न करून पाहिला. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत सरकारी कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारचाच कक्ष ठरवणार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मग उरतो तो जुनाच मार्ग. कुणीतरी विचारायचं, कुणीतरी नावानिशी उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर तपासता यायला हवं.

आमच्या संपादकांना आणि मालकांनाही हे पत्र वाचायला मिळेल, म्हणून त्यांच्यासाठीही दोन वाक्यं. फिरतीवरचे वार्ताहर कमी करून एका माणसाकडे चार बीट, दिवसाला आठ बातम्या आणि वर दोन रील्स दिल्या की तो ड्राइव्हच्या लिंकवरच जगणार. जनसंपर्क कक्षाला आमची गरज वाटेनाशी झाली, याला त्यांची तयार नोट जशीच्या तशी लावणारे आम्हीही जबाबदार आहोत.

आता मागण्या. त्यांना नवा निधी लागत नाही.

माध्यमांच्या ग्रुपवर वार्ताहरांना लिहायची मुभा परत द्या. गोंधळ होतो, शुभेच्छांचे फोटो पडतात हे मान्य आहे. त्यासाठी नियम करा, नियम मोडणाऱ्याला काढा, पण सगळ्यांचं तोंड बंद करू नका.

प्रत्येक निवेदनाखाली एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि रात्री नऊपर्यंत उचलला जाणारा क्रमांक द्या. ‘माहिती नाही, तासाभरात सांगतो’ हेही आम्हाला चालणारं उत्तर आहे.

पंधरवड्यातून एकदा प्रश्नोत्तरांसह पत्रकार परिषद घ्या. ती तुमच्या खात्यावरून थेट दाखवा, म्हणजे आम्ही काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं ते लोकांनाही दिसेल. सोशल मीडियाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

जिथे इन्फ्लुएन्सरला प्रवेश, तिथे त्याच दिवशी वार्ताहरालाही द्या. पैसे देऊन केलेल्या प्रत्येक रीलवर तसं लिहा, आणि सार्वजनिक संस्था असाल तर वर्षभराचा तो खर्च संकेतस्थळावर टाका.

पोस्ट काढायची झाली तर तिच्या जागी तारखेसह दुरुस्ती ठेवा. मराठी नोट इंग्रजीबरोबरच द्या, आणि ती माणसाने वाचलेली असू द्या.

बातमीच्या शेवटी आम्ही एक वाक्य छापतो: ‘याबाबत जनसंपर्क अधिकाऱ्यांशी संपर्क साधला असता तो होऊ शकला नाही.’ पूर्वी ते महिन्यातून एखाददा लिहावं लागायचं. आता मी ते जवळजवळ रोज लिहिते, आणि दर वेळी तुमच्यातल्या त्या ताटावरून उठणाऱ्या माणसांची आठवण होते. ती माणसं अजून त्याच खुर्च्यांवर आहेत, हे मला माहीत आहे. त्यांना बोलू द्या.

हे पत्र प्रसिद्धीला देण्याआधी आज सकाळी मी पुन्हा त्या रुग्णालयात जाऊन आले. पुठ्ठा तिथेच आहे. माझे तीन प्रश्न ग्रुपवर वर सरकवलं की दिसतात. त्या मुलाचा नंबर माझ्या डायरीत आहे. उत्तर आलं की मी त्याला कळवणार आहे.

आपली विश्वासू,
मुंबईतल्या एका मराठी दैनिकाची वार्ताहर